पंतोजीस वतन कां नव्हतें?

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे प्रथम सनदा, मग महजर, मग करीने, आणि वेळ उरल्यास हिशेब, अशा क्रमानें तें चाळण्याची आपणां संग्राहकांची रूढि आहे. हिशेबाच्या रुमालांत खालीं दडपलेल्या ज्या चिटोऱ्या असतात, त्यांत कोणा पंतोजीस दिलेल्या पायलीभर जोंधळ्याची किंवा दसऱ्याच्या पागोट्याची नोंद असली, तरी तिची नक्कल करून घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. शिक्षक मिळत नाहींत, मिळाले तर टिकत नाहींत, ही ओरड आज चोहोंकडे ऐकूं येते. या ओरडीचें मूळ शोधावयाचें तर अशाच चिटोऱ्यांकडे वळलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

गांवगाड्याची रचना वाचकांस परिचित आहे. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें ‘गांव-गाडा’ प्रसिद्ध करून तिचें साग्र वर्णन केलें. बारा बलुत्यांच्या याद्या प्रांतपरत्वें भिन्न आहेत. एखादा इसम कोठें बलुत्यांत तर कोठें अलुत्यांत मोडतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांस खळ्यावर वांटा होता. गुरवास देवळाबद्दल, जोशास तिथि-मुहूर्त सांगण्याबद्दल हक्क होता. पाटील-कुळकर्णी तर वतनदारच. परंतु आमच्या पाहण्यांत आलेल्या एकाही यादींत पंतोजीचें नांव नाहीं. गांवांत लेखणीस वतन होतें, लेखणी शिकविण्यास नव्हतें. कुळकर्ण्याची विद्या ही त्याच्या घरची मिरास. ती गांवच्या चार पोरांस वांटण्यांत त्याचा लाभ कोणता?

तेव्हां पंतोजी हा गांवांत राहूनही गांवाचा नव्हता. कोणा सावकाराच्या ओसरीवर, मारुतीच्या देवळांत किंवा धर्मशाळेंत त्याची शाळा भरे. धूळपाटीवर मूळाक्षरें, पुढें मोडीचें वळण, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे, एवढा त्याचा व्याप. मोबदला म्हणजे दर मुलामागें कांहीं पैसे, धान्य, आणि सणावारीं शिधा. त्यास ना इनाम, ना बलुतें. दुष्काळ पडला कीं बलुतेदार आपल्या हक्कावर गांवीं तग धरून राही. पंतोजी मात्र बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गांवीं जाई आणि शाळा बंद पडे. तो टिकत नसे यांत नवल कसलें? त्यास बांधून ठेवणारी दोरीच नव्हती.

आमच्या धर्मशास्त्रानेंही या बाबतींत त्यास हात दिला नाहीं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आचार्य व उपाध्याय असा भेद केला आहे; उपजीविकेकरितां वेदाचा एखादा भाग शिकवील तो उपाध्याय, आणि दहा उपाध्यायांहून एक आचार्य श्रेष्ठ. तिसऱ्या अध्यायांत तर वेतन घेऊन शिकविणारा जो भृतकाध्यापक, त्यास श्राद्धास बोलावूं नये म्हणून गणना आहे. विद्या विकूं नये हा हेतु उदात्त खरा. पण विद्या न विकणाऱ्याच्या पोटाची तजवीज कोणी करावी, हें ठरविल्यावांचून तो उच्चारणें म्हणजे शिक्षकास उपाशीं राहून वंद्य होण्याचा उपदेश करणें होय. चाळीस वर्षें शाळेंत काढल्यानंतर आम्हांस या श्लोकांचा अर्थ टीकाकारांहून कांहींसा निराळा लागतो, हें सांगितल्यास वाचक क्षमा करतील.

पेशवाईंत श्रावणमासीं वाटली जाणारी दक्षिणा वैदिकांची व शास्त्र्यांची. धूळपाटीवर ग-म-भ-न गिरवून घेणारा पंतोजी तिचा अधिकारी नव्हता. कंपनी सरकारानें ती दक्षिणा कमी केली आणि तिच्या पैशांतून १८२१ मध्यें पुण्यास विश्रामबागेंत संस्कृत पाठशाळा उघडली. मुंबई इलाख्यांत त्या दशकांत सरकारानें मागविलेल्या माहितींत सुमारें १,७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी आढळतात. त्यांतील बहुतेक सर्व शाळा याच बेवतनी पंतोजींच्या होत्या. पुढें कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखालीं चोवीस शिक्षक मुंबईस तयार करून १८२६ मध्यें ठिकठिकाणीं धाडण्यांत आले. येथून मास्तर नांवाचा नवा प्राणी उत्पन्न झाला. पगार नियमित, पण मूळ गांव दूर, बदली वरून, आणि गावकऱ्यांशीं संबंध हजेरीपटापुरता. पूर्वींचा पंतोजी गांवावर अवलंबून असून गांवाचा नव्हता. नवा मास्तर गांवावर अवलंबूनही राहिला नाहीं.

या दोहोंतील वर्म ज्यानें ओळखलें, त्याच्या लेखाकडे आतां वळूं. जोतीराव फुले यांनीं १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा काढली तेव्हां शिक्षिका मिळण्याची सोय नव्हती. सावित्रीबाईंस घरीं शिकवून तयार करावें लागलें. शिक्षकांचा तुटवडा म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून कळलें नव्हतें. १८५२ च्या नोव्हेंबरांत विश्रामबागेंत मेजर कँडी यांच्या हस्तें त्यांस शाली देण्यांत आल्या, हें प्रसिद्धच आहे. पुढें तीस वर्षांनीं, १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं, डॉ. हंटर यांच्या शिक्षण कमिशनापुढें त्यांनीं निवेदन केलें. त्यावर सही करतांना आपण व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर असल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे. या निवेदनाची चर्चा बहुधा सक्तीच्या शिक्षणापुरतीच होते. त्यांतील शिक्षकांविषयींचा मजकूर आमच्या मतें अधिक मोलाचा आहे.

फुले म्हणतात तें थोडक्यांत असें. शिक्षक बहुतेक अशिक्षित, म्हणजे अध्यापनाचें शिक्षण न घेतलेले. पगार क्वचितच दहा रुपयांवर. तो निदान बारा असावा, मोठ्या गांवीं पंधरा ते वीस. ज्याच्या शाळेंतून पुष्कळ मुलें उत्तीर्ण होतील त्यास पगाराखेरीज विशेष भत्ता द्यावा. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून घ्यावे. ते लोकांत मिसळतील, आणि प्रसंग पडल्यास नांगराची रुमणी किंवा सुताराचा वासला हातीं धरण्यास लाजणार नाहींत. त्यांच्या शिक्षणांत शेतकी व आरोग्य यांचें मूलज्ञान असावें.

येथपर्यंतची मागणी दुसरा कोणी करूं शकला असता. यापुढील कलम मात्र खास त्यांचें आहे. गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवज नोंदणें, टपालाचें काम, स्टांपविक्री, असें एखादें काम शिक्षकाकडे सोंपवावें. तेणेंकरून त्याचा दर्जा वाढेल आणि ज्या लोकांत तो राहतो त्यांजवर त्याचें वजन पडेल. गांवगाडा ज्यानें जाणला आहे त्यास या कलमाचा अर्थ उलगडून सांगावयास नको. पंतोजीस जें कधींच नव्हतें, तें गांवच्या व्यवहारांतील एक स्थान, फुले त्यास नव्या राज्यांत देऊं पाहत होते. शब्द सरकारी आहेत, कल्पना वतनाची आहे. इतकेंच कीं, हें वतन जन्मानें मिळावयाचें नव्हतें. आणि हिशेब तपासण्याचें काम शेतकऱ्याच्या मुलाकडे आलें असतें तर कुळकर्ण्याच्या मिरासीस पहिला धक्का शाळेंतून बसला असता. हें सूचनाकर्त्याच्या ध्यानीं नव्हतें असें आम्हांस वाटत नाहीं.

या सूचनेचें पुढें झालें काय? टपालापुरती ती चाललेली दिसते. इलाख्याच्या गॅझेटिअरांत शाळामास्तरांकडे असलेल्या टपालकचेऱ्यांचे उल्लेख सांपडतात, आणि त्याबद्दल त्यांस थोडा भत्ताही मिळे. बाकीचीं कामें वतनदारांकडेच राहिलीं. शाळा लोकल बोर्डांकडे गेल्या, पुढें १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे. १८८४ मध्यें स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें आजीव सभासदत्वाची शपथ घालून शिक्षक टिकविण्याचा निराळा मार्ग काढला. तोही निर्वेध नव्हता; बाहेरच्या प्राप्तीच्या वादावरून १८९० मध्यें टिळक सोसायटी सोडून गेले. शिवाय शपथ घेणारे पांचपंचवीस मिळतात, खेड्यांची संख्या हजारांनीं आहे.

अलीकडची गोष्ट याच धाग्यावर पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्र सरकारानें २००० मध्यें शिक्षणसेवक योजना सुरू केली. प्राथमिक शाळेंतील सेवकास आरंभीं दरमहा ३,००० रुपये मानधन ठरलें. २०२३ पासून तें १६,००० झालें. तीन वर्षें तो शिक्षकाचें काम करतो आणि शिक्षक म्हणवीत नाहीं. हें नांव ज्यानें सुचविलें त्यास भृतकाध्यापकाचा श्लोक ठाऊक असावा. दुसरें असें कीं, फुल्यांनीं शिक्षकास गांवचीं कामें द्यावीं म्हटलें, आणि आज शिक्षकांची तक्रार हीच आहे कीं अशैक्षणिक कामें फार झालीं. इतकीं कीं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढींच कामें राखून बाकींस मनाई करावी लागली. वरवर विरोध दिसतो, पण तो नाहीं. फुल्यांच्या सूचनेंतील काम दर्जा वाढविण्याकरितां होतें. हल्लींचें काम हुकुमानें येतें आणि त्यापासून गांवांत मान वाढल्याचें ऐकिवांत नाहीं.

हें सर्व अनुमान छापील साधनांवर उभें आहे. तें पडताळावयाचें तर पंतोजीच्या बाजूचे कागद हवेत. गांवखर्चाच्या यादींत पंतोजीच्या नांवें पडलेली रक्कम, ओसरी शाळेस दिल्याची चिठी, मुलांच्या खर्ड्यांच्या वह्या, १८८२ नंतरच्या लोकल बोर्डाच्या शाळांचे हजेरीपट व शेरेबुकें, मास्तराकडील टपालाच्या पावत्या, असें जें कोणाच्या माळ्यावर असेल तें रद्दीस घालूं नये. ज्यांच्या संग्रहीं कुळकर्ण्यांचीं दप्तरें आहेत त्यांनीं विशेषेंकरून गांवखर्चाचे ताळेबंद पुन्हां एकवार चाळावे, आणि पंतोजी, तात्याजी किंवा शाळा असा शब्द जेथें जेथें आढळेल तेथील मिति, गांव व रक्कम एवढें तरी टिपून मंडळाकडे पाठवावें.