गाळणी धुवायची कशी? स्विमिंग पूलच्या एका हँडलमागची २०० वर्षं

आजचा एपिसोड एका हँडलबद्दल आहे.

स्विमिंग पूलच्या पंपरूममध्ये कधी डोकावलात तर फायबरची एक मोठी गोल टाकी दिसेल. तिच्या डोक्यावर किंवा बाजूला एक जाडजूड झाकण असतं, झाकणावर एक हँडल आणि हँडलभोवती सहा शब्द: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट, क्लोज्ड. याला म्हणतात मल्टिपोर्ट वॉल्व्ह. टाकीत असते वाळू. पूलचं पाणी कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार, हे सगळं हा वॉल्व्ह ठरवतो.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे सहा अवस्था आणि एक बटण असं काही दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो, की एवढ्या अवस्था लागतातच कशाला? पाणी गाळायचं तर 'फिल्टर' पुरे नाही का? या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि स्कॉटलंड, हॅम्बर्ग, रामटेक असं फिरून थेट आपल्या निफाड तालुक्यातल्या चांदोरीला येऊन पोचलो. चला, तुम्हालाही नेतो.

आधी घरापासून सुरुवात करू. पाणी साफ करायची अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. तुरटी फिरवणं आजही चालतं. निवळीच्या बिया उगाळून गढूळ पाण्यात टाकायच्या, की गाळ खाली बसतो. संस्कृतात या झाडाला कतक म्हणतात आणि सुश्रुत संहितेत त्याचा उल्लेख आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, त्या वाटेवरही हौद बांधले होते. हौदात पाणी थांबतं, गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी पुढे जातं. हौद भरला की माणसं उतरून गाळ उपसणार. म्हणजे साफसफाई करणाऱ्या गोष्टीचीही साफसफाई करावी लागते, हा मुद्दा तेव्हाही होताच.

वाळूतून गाळायचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो ब्रिटनमध्ये. १८०४ मध्ये स्कॉटलंडच्या पेस्ली गावात जॉन गिब नावाच्या माणसाने आपल्या कापड पांढरं करण्याच्या कारखान्यासाठी पाणी गाळलं आणि उरलेलं गावात विकलं. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सनने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूचा भलामोठा वाफा बांधला. त्यातून पाणी अगदी हळू झिरपायचं, तासाला जेमतेम १० ते २० सेंटीमीटर. वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्म जीवांची एक साय धरायची आणि खरं काम ती सायच करायची.

ते किती महत्त्वाचं होतं, हे कळलं १८९२ मध्ये. जर्मनीत एल्ब नदीवर हॅम्बर्ग आणि आल्टोना ही दोन शहरं एकमेकांना चिकटून होती. हॅम्बर्ग नदीचं पाणी न गाळताच लोकांना द्यायचं. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला. म्हणजे हॅम्बर्गची घाण पोटात घेऊन येणारं पाणी त्यांच्या वाट्याला. पण ते वाळूतून गाळायचे. त्या वर्षी कॉलरा आला. हॅम्बर्गमध्ये साधारण ८,६०० माणसं गेली आणि आल्टोना बऱ्यापैकी वाचलं. दोन शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यावर तर एका बाजूच्या घरांत रोगी आणि समोरच्या बाजूला जवळपास काहीच नाही. फरक फक्त नळ कुणाचा, एवढाच. हे सगळं टिपणारा रॉबर्ट कॉख आठ वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, आपल्या कलकत्त्यात होता. कॉलऱ्याचा जंतू त्याने तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात शोधला होता.

आपल्याकडे याच रोगाला पटकी म्हणायचे. गावोगावच्या वेशीवर जरीमरीची जी देवळं दिसतात ना, त्यामागे साथींची ही भीती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाळू घाण अडवते, म्हणजे वाळूच घाण होणार. लंडनच्या वाफ्यांत काय करायचे? पाणी सोडून द्यायचं, मजूर फावडी घेऊन उतरायचे, वरचा इंच-दोन इंचाचा थर खरवडून काढायचे. प्रचंड जागा, प्रचंड मेहनत. स्कॉटलंडच्या ग्रीनॉकमध्ये रॉबर्ट थॉमने १८२७ मध्येच वेगळी युक्ती केली होती: पाणी खालून वर उलटं सोडायचं, म्हणजे वाळूतली घाण उचलली जाते आणि वाहून जाते. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेत हीच कल्पना पक्की झाली. आधी तुरटीसारखं रसायन घालून घाणीचे गोळे करायचे, मग वाळूतून ५० पट वेगाने पाणी गाळायचं आणि वाळू तुंबली की उलटं पाणी सोडून धुवायची. तुमच्या हँडलवरचा 'बॅकवॉश' हा शब्द इथून आला.

पण यात एक गोची आहे, आणि ती सोडवणाऱ्यांत एक मराठी माणूस आहे. उलट्या पाण्याने वाळू धुतली की ती तरंगते, आणि खाली बसताना जड, मोठे कण आधी बसतात, बारीक कण सगळ्यात वर. म्हणजे पाणी वरून शिरताना पहिल्यांदा बारीक वाळूला भेटतं. सगळी घाण वरच्याच दोन-चार बोटांत अडकते, खालची वाळू नुसती बसून राहते. यावर उपाय म्हणजे वर मोठ्या पण हलक्या दाण्यांचा वेगळा थर टाकायचा. हलका असल्यामुळे धुतल्यावरही तो वरच राहतो. परदेशात त्यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरतात. महाराष्ट्रातले पाणीपुरवठा अभियंता जे. एन. कर्डिले यांनी काय वापरलं? नारळाच्या करवंट्यांचा चुरा!

१९७० च्या दशकात नागपूर जिल्ह्यातलं रामटेक, जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव आणि १९८० च्या सुमारास आपल्या नाशिक जिल्ह्यातलं चांदोरी, अशा ठिकाणी त्यांनी छोट्या गावांना परवडतील अशी जलशुद्धीकरण केंद्रं उभी केली. फिरती यंत्रं कमी, गाळाचे गोळे बांधायला खडीचा थर आणि गाळायला वाळूवर करवंट्या. विकसनशील देशांमधल्या पाणी शुद्धीकरणाच्या जगभरच्या पुस्तकांत या तीन गावांची नावं सापडतात. आपल्याला मात्र चांदोरी म्हटलं की गोदावरीचा पूर आणि त्याचे व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ आठवतात.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपण नाशिककर गोदावरीला सरळ 'गंगा' म्हणतो. ही गंगा नाशिकमधून वाहत पुढे चांदोरीकडे जाते. म्हणजे एल्बवर हॅम्बर्गच्या खाली आल्टोना होतं, तसं आपल्या खाली चांदोरी. वरच्या शहराने काय सोडलं ते खालच्या गावाच्या गाळणीला निस्तरावं लागतं.

आता पूलकडे. सुरुवातीच्या सार्वजनिक पूलमध्ये गाळणी वगैरे काही नसायचं. पाणी भरायचं, आठवडाभर लोकांनी पोहायचं, मग सोडून द्यायचं. ब्रिटनमध्ये तर ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग आणि पाणी मळत गेलं की स्वस्त, असा हिशेब असायचा. १९१०-११ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या पूलमध्ये क्लोरीन वापरून पाहिलं गेलं. हळूहळू तेच पाणी गाळून, औषध घालून पुन्हा फिरवायची पद्धत रुळली. मोठ्या पूलमध्ये त्यासाठी चार-पाच वेगवेगळे वॉल्व्ह असायचे. कुठला आधी बंद, कुठला नंतर उघडा, हे ऑपरेटरच्या डोक्यात. मल्टिपोर्ट वॉल्व्हने ते सगळे एका झाकणाखाली आणले.

आत काय असतं? झाकणाखाली एक फिरती तबकडी आणि तिच्याखाली बैलगाडीच्या चाकासारखं दिसणारं रबर. मधे आख, बाजूला आरे. याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. प्रत्येक आरा म्हणजे दोन वाटांमधली भिंत. वर एक दणकट स्प्रिंग तबकडीला त्या रबरावर दाबून धरते. म्हणूनच हँडल आधी खाली दाबायचं, मग फिरवायचं. आणि पंप चालू असताना कधीच नाही. पाण्याच्या दाबात तबकडी फिरवली की आरे उखडतात. हा वॉल्व्ह बिघडायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आमच्या सोसायटीत मागच्या उन्हाळ्यात पूलची पातळी रोज घटायला लागली. मीटिंगमध्ये टाइल्सना तडे गेलेत इथपासून मुलं पाणी उडवतात इथपर्यंत सगळे सिद्धांत मांडून झाले. पंप बघणारे काका शांतपणे म्हणाले, "हँडल फिल्टरवर आहे ना? मग मागचा वेस्टचा पाइप ओला कशाला?" रबराचा एक आरा उचकटला होता आणि गाळायचं पाणी थोडं थोडं थेट गटारात जात होतं. मी नंतर हिशेब केला. मिनिटाला फक्त ५ लिटर गळती धरा. पंप दिवसाला ८ तास चालतो. झाले रोजचे २,४०० लिटर. चार दिवसांत जवळपास १० हजार लिटर, म्हणजे एक टँकर.

काकांनी दुरुस्ती केली ती पायरी पायरीने सांगतो. पंप बंद, मेन स्विचही बंद. पूलकडून येणारे आणि जाणारे वॉल्व्ह बंद. टाकीतला दाब सोडायचा, प्रेशर गेज शून्यावर येईपर्यंत थांबायचं. झाकण आणि बॉडी यांवर मार्करने एक उभी रेघ, म्हणजे परत बसवताना झाकण फिरत नाही. मग स्क्रू काढायचे, झाकण सरळ वर उचलायचं. जुनं रबर काढून खाचेतला सुकलेला गोंद खरवडून टाकायचा, नवं गॅस्केट कंपनीने सांगितलेली बाजू वर ठेवून खाचेत पूर्ण दाबून बसवायचं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन किंवा तेल नको, त्याने रबर फुगतं. शेवटी स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर झाकण तिरकं बसतं आणि गळती पुन्हा सुरू.

हँडलच्या दांड्यापाशी पाणी येत असेल तर तिथली ओ-रिंग बघा. पूलच्या तळाशी वाळू येत असेल तर बहुतेक वेळा दोष टाकीच्या तळातल्या जाळीदार नळ्यांचा असतो, वॉल्व्हचा नाही. आणि बॅकवॉश कधी? स्वच्छ वाळूच्या वेळी गेजवर जो आकडा होता त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वाढला की. काचेच्या डोळ्यात पाणी निवळ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं. मग पंप बंद, हँडल 'रिन्स'वर, अर्धा-एक मिनिट पंप. घाईत ही रिन्स बरेच जण गाळतात, आणि मग सुटलेली घाण सरळ पूलमध्ये येते.

तुम्ही म्हणाल, "क्लोरीन आहे की!" इथे १९९३ सालचं अमेरिकेतलं मिलवॉकी शहर आठवायला हवं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी शहराच्या पाण्यात शिरला आणि अंदाजे ४ लाख लोकांना जुलाब झाले. पाण्यात क्लोरीन होतं. पण या जिवाच्या कवचाला क्लोरीनचं फारसं काही वाटत नाही. पूलमधल्या नेहमीच्या क्लोरीनमध्ये तो आठवड्याहून जास्त जगू शकतो. अडवायची जबाबदारी गाळणीची होती आणि तिथेच त्या दिवसांत पाणी गढूळ येत होतं. हा जीव असतो ५ मायक्रॉनच्या आसपास. पूलची नुसती वाळू इतकं बारीक नीट अडवू शकत नाही. तुरटीच्या जातीचं रसायन घालून गोळे बांधले तर तिची ताकद वाढते. म्हणजे निवळीच्या बियांचीच युक्ती! पण वॉल्व्हचा आरा तुटलेला असेल आणि पाणी वाळूला न भेटताच पूलमध्ये परत येत असेल, तर त्या युक्तीचा उपयोग शून्य. पाणी निळंशार दिसत राहतं. त्यामुळे पोट बिघडलेल्या मुलाला बरं वाटल्यावरही दोन आठवडे पूलमध्ये नेऊ नका.

दुसरी बाजू पाण्याच्या किमतीची. तासाला २० हजार लिटर फिरवणारा पंप तीन मिनिटं बॅकवॉशला लावला की १,००० लिटर पाणी गटारात जातं. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, कारण मैदानांना लागणारं पाणी. आपल्याकडे पूल चालवायचा तर हा हिशेब टाळता येत नाही. धुवायला उशीर केला तर पोहणाऱ्यांच्या पोटावर, उगाच रोज धुतलं तर धरणावर. म्हणून तारीख बघून न धुता गेज बघून धुवायचं. आमच्याकडे आता बॅकवॉशचं पाणी एका टाकीत साठवून, क्लोरीन उतरल्यावर बागेला देतो.

पुढच्या वेळी पोहायला जाल तेव्हा एकदा पंपरूमच्या दाराशी उभे राहा. आत जे कुणी काका किंवा दादा असतील त्यांना दोनच प्रश्न विचारा: गेजवर आज किती आहे, आणि रबर शेवटचं कधी बदललं? उत्तर पटकन आलं तर खुशाल उडी मारा. आणि त्यांना चहा विचारा. मजुरांनी फावड्याने जी वाळू खरवडली, तिची राखण आज ते करतायत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, पंप बंद केल्याशिवाय हँडलला हात लावू नका!