पान कुणाचं?

गेल्या वीकांताला काही लिहिलं नाही. शुक्रवारी रात्री ऑफिसात एक घोळ झाला आणि तो निस्तरण्यात शनिवार-रविवार गेले. आज त्याबद्दलच लिहायला बसलो, पण शोधता शोधता गाडी पार १९९५ मध्ये जाऊन पोहोचली. असो. सुरुवातीपासून सांगतो.

आमच्या टीमचा एक विकी आहे. त्यातली निम्मी पानं एका सीनियरनी लिहिलेली. ऑफिसात सगळे त्यांना 'काका' म्हणायचे. काका दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले, पानं राहिली. त्यातलंच एक पान म्हणजे महिनाअखेरीचा बिलिंग जॉब मध्येच अडकला तर काय करायचं. एकूण सात पायऱ्या. चौथी पायरी : जॉब रीस्टार्ट करा.

त्या रात्री दीड वाजता जॉब अडकला. ड्यूटीवर होती सहा महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी. तिनं शहाण्यासारखं विकी उघडलं आणि एकेक पायरी केली. सकाळी कळलं की काही हजार ग्राहकांना एकच बिल दोनदा गेलंय.

कॉलवर तिला विचारलं, "रीस्टार्ट का केलंस?" ती म्हणाली, "पानावर तसंच लिहिलंय ना."

खरंच तसंच लिहिलं होतं. काकांनी लिहिलं तेव्हा ते बरोबरही होतं. गेल्या वर्षी आम्ही डेटाबेस बदलला, तेव्हापासून रीस्टार्ट केलं की आधी गेलेली बिलं पुन्हा जातात. हे टीममध्ये दोघांना माहीत होतं. त्यातला एक मी. माझ्या मशीनवर नोटपॅडमध्ये ठळक लिहून ठेवलेलं आहे : 'रीस्टार्ट करू नये!!' दोन उद्गारचिन्हांसकट.

मग पान का नाही बदललं? खरं सांगू? काकांचं पान होतं. त्यांच्या लिहिण्यावर मी कशी काय रेघ मारणार? आणि बदललं तर बदल माझ्या नावावर लागणार. उद्या काही चुकलं तर? इतकं साधं कारण.

म्हणून म्हटलं, ही विकी नावाची भानगड मुळात काढली कुणी आणि कशासाठी, ते एकदा नीट वाचावं.

बहुतेकांना वाटतं विकी म्हणजे विकिपीडिया. मलाही वाटायचं. पण विकिपीडिया आला १५ जानेवारी २००१ ला, आणि आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. विकी त्याच्या सहा वर्षं आधीचा, आणि त्याचं मूळ सापडतं ते चक्क एका कंपनीत.

वॉर्ड कनिंगहॅम हा प्रोग्रॅमर ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीत होता. ऑसिलोस्कोपवाली टेक्ट्रॉनिक्स. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये साइन वेव्ह पकडत बसलेल्यांपैकी काहींना नाव आठवेल. कंपनी मोठी, प्रोजेक्ट अनेक. कुठली कल्पना कुणाकडून कुठल्या प्रोजेक्टमध्ये गेली, हे त्याला नोंदवायचं होतं. १९८७ मध्ये ॲपलनं हायपरकार्ड नावाचं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्यात त्यानं कार्डांची एक चळत तयार केली : काही कार्डं माणसांची, काही प्रोजेक्टची, काही कल्पनांची, आणि एकातून दुसऱ्यात जायला दुवे. दुवा द्यायचाय पण ते कार्डच नाहीये? तर तिथल्या तिथे नवीन कार्ड तयार. लोक त्याच्या टेबलाशी येऊन त्यात भर घालायचे.

पुढे त्याला हेच जालावर करायचं होतं. सॉफ्टवेअर डिझाइनमध्ये पुन्हा पुन्हा लागणाऱ्या युक्त्यांना 'पॅटर्न' म्हणतात. त्या गोळा करणाऱ्या मंडळींसाठी त्यानं पर्लमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि २५ मार्च १९९५ ला तो सगळ्यांसाठी खुला केला. नाव : विकीविकीवेब. होनोलुलुच्या विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर नेणारी 'विकी विकी' नावाची बस होती, ती त्याच्या लक्षात राहिली होती. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे पटकन. विकी विकी म्हणजे आपलं 'पटपट'!

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे, दोन शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं की आपोआप दुवा तयार. (देवनागरीत कॅपिटलच नाही, आपली पंचाईत झाली असती. विकिपीडियानं पुढे दुहेरी चौकटी कंस आणले म्हणून निभावलं.) त्या नावाचं पान नसेल तर शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह दिसायचं. म्हणजे 'हे मला माहीत नाही, तुला माहीत असेल तर लिही.' विकिपीडियावरचा लाल दुवा हा त्याचाच वंशज.

दुसरी म्हणजे, प्रत्येक पानाच्या तळाशी पान बदलायचा दुवा. सगळ्यांना. परवानगी नाही, लॉगिन नाही. पान लिहिणाऱ्याच्या मालकीचं नाही, हे त्या एका दुव्यातच सांगून टाकलेलं. या मोकळेपणाची किंमतही होती. पुढे उपद्रव वाढत गेला आणि शेवटी तो विकी नुसता वाचण्यापुरता उरला.

कंपन्यांना मात्र इतका मोकळेपणा झेपणारा नव्हता. पीटर थोनीनं १९९८ मध्ये टीविकी आणला तो कंपन्यांतला वापर डोळ्यांसमोर ठेवूनच. त्यात पानाच्या जुन्या आवृत्त्या राहतात, कुणी काय बदललं ते दिसतं, कुणाला काय बदलू द्यायचं ते ठरवता येतं. २००४ मध्ये ॲटलासियनचं कॉन्फ्लुअन्स आलं. म्हणजे बदल आता नावावर लागायला लागला. माझी भीती इथली.

पण मग नाव लागणं वाईटच का? इथे मला झेरॉक्सची गोष्ट सापडली.

ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ. आदिवासी पाड्यांवर जावं तसा तो ऐंशीच्या दशकात झेरॉक्सच्या दुरुस्ती करणाऱ्या टेक्निशियनांमध्ये जाऊन राहिला. त्याचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्याला दिसलं ते असं : कंपनीनं दिलेल्या जाडजूड मॅन्युअलमध्ये पायऱ्या आहेत, पण मशीन पायऱ्यांप्रमाणे बिघडत नाही. खरं ज्ञान फिरतं ते नाश्त्याच्या टेबलावर, 'अरे, परवा काय झालं माहितीये का' अशा किश्शांमधून. आपल्याकडे ते टपरीवर कटिंग पिताना फिरतं, एवढाच फरक.

त्यातून झेरॉक्सनं नव्वदच्या दशकात 'युरेका' नावाची पद्धत उभी केली. सुरुवात फ्रान्समध्ये, मिनिटेल या फोनच्या तारेवर चालणाऱ्या टर्मिनलवरून. टेक्निशियननं युक्ती लिहायची, दुसऱ्या जाणकार टेक्निशियननं ती तपासायची, मग ती सगळ्यांना मिळायची. युक्तीमागे पैसे द्यावेत असाही विचार होता. टेक्निशियनांना ते पटलं नाही. त्यांना हवं होतं युक्तीखाली स्वतःचं नाव.

म्हणजे एकीकडे कनिंगहॅम म्हणतो पान कुणाचंच नाही, म्हणून कुणीही दुरुस्त करा. दुसरीकडे टेक्निशियन म्हणतात खाली माझं नाव हवं. उलटसुलट वाटतं ना? मलाही आधी वाटलं. पण दोन्हीकडे चुकीचं ते चुकीचं राहू द्यायला मोकळीक नाही. कनिंगहॅमकडे वाचणारा स्वतःच बदलतो, युरेकात दुसरा जाणकार तपासतो. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं. पान काकांच्या नावावर, काका दुसऱ्या कंपनीत, आणि ज्याला चूक माहीत तो नोटपॅडमध्ये उद्गारचिन्हं काढत बसलेला.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं की चौथी पायरी चुकीची आहे हे मला गेल्या वर्षीपासून माहीत होतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे कॉलवर बोलायला हवं होतंस. तिथे ती पोरगी एकटी ऐकून घेत होती." यावर काय बोलणार?

तिला जाऊन सॉरी म्हटलं आणि म्हटलं, चल, ते पान दुरुस्त करू. तिनं विचारलं, "पण मी कशी बदलू? मी तर नवीन आहे." अगदी माझंच वाक्य, फक्त कारण वेगळं. शेवटी तिनं टाइप केलं, मी शेजारी बसून तपासलं. आता टीममध्ये ठरलंय की रात्री ज्यानं पान वापरलं त्यानंच सकाळी त्यात काय जुळलं नाही ते लिहायचं. अर्धवट असलं तरी चालेल, दुसरा कुणीतरी तपासेल. किती दिवस टिकतंय बघू.

नोटपॅडची ती फाइल उघडून बसलोय. त्यात अशा अजून अकरा ओळी निघाल्या. आज रात्री त्या विकीवर टाकतो, मगच झोपतो.