आठ सिंगल्सची एक तबकडी

सप्टेंबर १९७९मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ नावाची एलपी आली. मँचेस्टरचा बझकॉक्स हा पंक बँड पहिल्यांदाच अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला होता. तिथल्या श्रोत्यांना त्याची ओळख व्हावी म्हणून आय.आर.एस. या नव्या कंपनीने, ब्रिटनमध्ये तोवर गाजलेली त्याची आठ सिंगल्स एकत्र करून छापली. दौऱ्याच्या निमित्ताने निघालेला हा संग्रह आजही आवडीने ऐकला जातो. एरवी पंकच्या वाटेला न जाणारेही तो ऐकतात. इतका तो का टिकला, हे त्याच्या कुळातच दडलेलं आहे.

त्याचं मूळ १९७६ सालात आहे. बोल्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेत ओळख झालेले पीट शेली आणि हॉवर्ड डेव्होटो त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दक्षिण इंग्लंडात जाऊन सेक्स पिस्टल्स या पंक बँडला ऐकून आले आणि झपाटले गेले. जूनमध्ये त्यांनी पिस्टल्सना मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये बोलावलं. जुलैच्या दुसऱ्या कार्यक्रमात ते स्वतःही बझकॉक्स म्हणून वाजवायला उभे राहिले. रेकॉर्ड काढायची तर लंडनच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे, अशी तेव्हाची रीत होती. या पोरांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, निर्माता मार्टिन हॅनेटकडून चार गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली आणि जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ स्वतःच्या ‘न्यू हॉर्मोन्स’ या लेबलवर काढली. पहिल्या १००० प्रती हां हां म्हणता संपल्या. त्यातल्या ‘बोरडम’ गाण्याच्या गिटार सोलोत शेलीने दोनच सूर पुन्हा पुन्हा वाजवले आहेत. थोडक्यात भागवायचं, पण ते नेमकं असलं पाहिजे, ही बझकॉक्सची वृत्ती त्या दोन सुरांतच दिसते.

लगेचच डेव्होटो बाहेर पडला. गाण्याची धुरा शेलीकडे आली, स्टीव्ह डिगल बेस सोडून गिटारवर आला आणि जॉन माहरचे ड्रम्स होतेच. १६ ऑगस्ट १९७७ला, म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली गेला त्याच दिवशी, त्यांनी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीशी करार केला. पुढच्या दोन वर्षांत निर्माता मार्टिन रशेंटच्या हाताखाली ही आठ सिंगल्स तयार झाली.

सिंगल म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी सात इंची तबकडी. ए बाजूला मुख्य गाणं, बी बाजूला जोडगाणं. श्रोत्याला एकाच गाण्याचे दोनदा पैसे पडू नयेत म्हणून अनेक ब्रिटिश बँड सिंगल्स एलपीत घालत नसत. बझकॉक्सचीही बहुतेक सिंगल्स, उदाहरणार्थ ‘व्हॉट डू आय गेट?’, त्यांच्या एलपींत नव्हती. अशा गाण्याला मागचा-पुढचा आधार नसतो. तीन मिनिटांत धरलं तर धरलं. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकडीने भावगीताला जी शिस्त लावली, तीच शिस्त इथे पंकच्या वेगाला लागली. ‘लव्ह यू मोअर’ तर दोन मिनिटांच्या आतच ऐन भरात तुटतं.

या वेगात शेलीने गायलं ते प्रेम. भोवतालचे बँड सत्तेवर आणि समाजावर तुटून पडत असताना तो एकतर्फी ओढ, मत्सर आणि नकार यांबद्दल मोकळेपणाने बोलत होता. स्वतः उभयलिंगी आकर्षण असलेला शेली आपल्या गाण्यांत समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री हे मुद्दाम उघड करत नसे, त्यामुळे ती गाणी कुणालाही आपली वाटतात. एडिंबरोतल्या एका अतिथीगृहात टीव्हीवर ‘गाइज अँड डॉल्स’ चित्रपट पाहताना त्यातल्या एका संवादावरून त्याला ‘एव्हर फॉलन इन लव्ह’ सुचलं. १९७८मध्ये ते ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत १२व्या क्रमांकावर पोहोचलं.

संग्रहाची मांडणी अगदी सरळ आहे. पहिल्या बाजूला आठ ए बाजू, ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने. दुसऱ्या बाजूला त्यांच्या आठ बी बाजू, त्याच क्रमाने. हिशेब ठेवल्यासारखी ही रचना प्रत्यक्षात एका बँडची वाढ ऐकवते. सुरुवात बीबीसीने वाजवायला नकार दिलेल्या ‘ऑर्गॅझम ॲडिक्ट’च्या धसमुसळेपणाने होते, तर ती बाजू डिगलने लिहिलेल्या आणि गायलेल्या ‘हार्मनी इन माय हेड’वर संपते. दुसऱ्या बाजूला बँड अधिक धाडसी होत जातो. ‘व्हाय कान्ट आय टच इट?’ सहा मिनिटांहून लांब आणि निवांत आहे. दोन मिनिटांत आटपणारी ही मंडळी एकाच लयीत इतका वेळ रमू शकतात, हे कळतं तेव्हा चकित व्हायला होतं.

१९८१मध्ये बँड फुटला आणि त्यानंतर, त्याच वर्षाच्या शेवटी, हा संग्रह ब्रिटनमध्ये निघाला. पुढे सीडीवर आणखी आठ गाणी जोडली गेली. ती चांगली आहेत, पण नवख्याने मूळच्या सोळांपासूनच सुरुवात करावी. पंक म्हणजे नुसता राग, असा समज या सोळा गाण्यांपुढे टिकत नाही. सत्तेवर ओरडायला जितकं धैर्य लागतं तितकंच ‘मला कुणीतरी हवंय’ हे चारचौघांत मोठ्याने म्हणायला लागतं. डिसेंबर २०१८मध्ये शेली गेला. ते धैर्य त्याने ज्या तीन-तीन मिनिटांत बसवलं, त्यांना अजून कुठलाही काळ जुनं करू शकलेला नाही.