काळ्या मातीची पकड

वाशीम जिल्ह्यातील रिसोडच्या परिसरात उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून भेगा मिटवते. मॉंटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा हा गुण. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, तशी इतर द्रव्येही शिरतात. सोयाबीन वाढले, निंदणाला मजूर मिळेनात, तेव्हा शेतकरी तणनाशकांकडे वळला. फवारलेल्या औषधाचे या मातीत पुढे काय होते?

माती द्रव्ये धरून ठेवते हे इंग्लंडमध्ये जे. टी. वे यांनी १८५० मध्ये दाखवले. अमोनियाच्या क्षाराचे द्रावण त्यांनी मातीतून पाझरू दिले. अमोनिया मातीतच राहिला आणि खाली आला तो चुन्याचा क्षार! चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून धनभारित कण तिला चिकटतात.

दुसरा धागा १९४९ चा. लंडनमध्ये एल. जे. ऑडस यांनी २,४-डी हे तणनाशक मातीतून पुन्हा पुन्हा फिरवले. सुरुवातीला बरेच दिवस फारसे काही घडले नाही. मग ते झपाट्याने नाहीसे झाले. त्याच मातीत पुन्हा घातले, तर लगेच संपले. मातीतले जिवाणू ते खायला शिकले होते. आम्हांला हा प्रयोग फार देखणा वाटतो.

हे दोन धागे १९६२ मध्ये बाजारात आलेल्या पॅराक्वाटपाशी एकत्र येतात. त्याचा रेणू धनभारित. तो पापुद्र्यांत असा घट्ट बसतो की पिकाला बाधत नाही, पण जिवाणूंच्याही हाती लागत नाही. वर्षानुवर्षे तो तिथेच राहतो. याला स्वच्छता म्हणायचे का? आमच्या मते नाही. ही नुसती कोठडी झाली.

सोयाबीनवरच्या इमाझेथापायरचे उलटे आहे. विम्लधर्मी काळ्या जमिनीत त्यावर ऋणभार असतो, म्हणून चिकणमाती त्याला फारशी धरत नाही. त्याचा फडशा मुख्यतः जिवाणूच पाडतात आणि त्यांना ओल लागते. पावसाने ओढ दिली की अवशेष रेंगाळतो व मोहरीसारख्या नाजूक पिकाला भोवतो.

बाहेरून मदत देता येते का? अमेरिकेत साउथ डाकोटात अॅट्राझिन सांडून बिघडलेल्या मातीत, अॅट्राझिन तोडणारे विकर भरपूर बनवणारे जिवाणू मारून मिसळले गेले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आठ आठवड्यांत निम्म्याहून अधिक अॅट्राझिन गेले. पण ती अपघाताची एक जागा होती. एकरच्या एकर रानासाठी शेणखत, ओल आणि वेळ हेच परवडणारे उपाय.

अवशेष आहे की नाही हे शाळेतही पाहता येईल. एका कुंडीत फवारलेल्या शेताची माती, दुसरीत कधीही न फवारलेल्या बांधावरची. दोन्हींत मोहरी पेरा, सारखे पाणी द्या आणि तीन आठवडे रोपांची उंची व मुळे मोजा. रब्बीची पेरणी व्हायच्या आत हे करावे, म्हणजे फरक दिसलाच तर पीक बदलायला शेतकऱ्याच्या हाती वेळ राहतो.