त्रिपिटक जाणणारी बुद्धमित्रा



आपल्या विहारात वंदनेला पुढच्या रांगा आयाबायांच्याच असतात. खीर त्या करतात, वर्गणीला त्याच हिंडतात. धम्मावर बोलायची वेळ आली की माईक मात्र पुरुषाच्या हाती जातो. ही रीत बुद्धाची आहे काय?

मज्झिम निकायातलं चूळवेदल्ल सुत्त काढून पाहा. धम्मदिन्ना भिक्खुणी झाली. तिचा संसारातला नवरा विशाख तिच्यापुढे बसून एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो आणि ती उत्तरं देते. विशाखाने हे सारं भगवंतांच्या कानावर घातलं, तेव्हा आपणही हेच उत्तर दिलं असतं असं ते म्हणाले. खेमा भिक्खुणीला तर कोसलचा राजा पसेनदी प्रश्न विचारायला गेला आणि वंदन करून परतला.

कोणी म्हणेल, ह्या झाल्या पोथीतल्या गोष्टी. मग दगडावरचं वाचू या! कनिष्काच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षी कौशांबीला बोधिसत्त्वाची मूर्ती बसवली ती बुद्धमित्रा नावाच्या भिक्खुणीने. लेखात तिच्या नावाला पदवी आहे त्रेपिटिका, म्हणजे तिन्ही पिटकं जाणणारी. गिरणीत माणसाच्या नावामागे खातं लागतं, साचेखात्यातला अमुक म्हणून; हिच्या नावाला विद्या लागली. पुढच्याच वर्षी तिचे गुरू भिक्खू बल यांनी सारनाथला भलीमोठी मूर्ती उभारली. तिच्या छत्राच्या दांड्यावरच्या लेखात बुद्धमित्रा आहे, पदवीसकट. हुविष्काच्या काळात, ३३व्या वर्षी, मथुरेला धनवती भिक्खुणीने मूर्ती बसवली. तिने आपली ओळख दिली ती त्रिपिटक जाणणाऱ्या बुद्धमित्रेची भाची म्हणून. मावशीच्या विद्येवर भाचीची ओळख, हे मला फार मोठं वाटतं.

पुढे ११व्या शतकाच्या सुमारास श्रीलंकेतला भिक्खुणी संघ खंडित झाला. मग दीक्षा द्यायला भिक्खुणीच उरल्या नाहीत, म्हणून स्त्रियांना दीक्षा नाही, असा थेरवादात पेच पडला. पण अभ्यास थांबला नाही. आय. बी. हॉर्नर या इंग्रज बाईंनी विनयपिटकाचं भाषांतर केलं. आपल्या दुर्गाबाई भागवतांचा बौद्ध विनयातल्या कायद्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९३९ साली पुण्यात निघाला.

आणि बुद्धमित्रेचं नाव कोरलेल्या त्याच सारनाथला डिसेंबर १९९६ मध्ये श्रीलंकेच्या दहा स्त्रियांनी उपसंपदा घेतली. त्यांत पुढे होत्या त्या कुसुमा, भिक्खुणींच्या विनयाच्या अभ्यासक. अनेक थेरांना हे अजून मान्य नाही. तरी १९९८ साली दांबुल्लाला, लंकेच्याच भूमीवर, भिक्खुणींची उपसंपदा झाली.