पापणी सुजली? साधी रांजणवाडी कधी आणि धोक्याची खूण कधी?

सकाळी उठल्यावर पापणी टम्म सुजलेली दिसली की घरात दोनच अंदाज बांधले जातात. एक तर 'रांजणवाडी झाली असेल', नाही तर 'रात्री काहीतरी चावलं असेल'. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतात आणि सूज काही दिवसांत उतरते. पण कधी कधी हीच सूज मूत्रपिंडाच्या आजाराची, वाढलेल्या रक्तदाबाची किंवा डोळ्यामागे पोहोचलेल्या संसर्गाची पहिली खूण असते.

बीड जिल्ह्यात अनेक गावांपासून डोळ्यांचे डॉक्टर लांब आहेत. त्यातच दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा वेळी घरीच थांबायचं की लगेच दवाखाना गाठायचा, हे ओळखता येणं गरजेचं आहे.

पापणी इतकी लवकर का सुजते?

पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी एक आहे आणि तिच्याखालचा भाग सैल असतो. त्यामुळे तिथे पाणी पटकन साचतं. रात्रभर आडवं झोपल्यावर सूज सकाळी जास्त दिसते. म्हणूनच सूज किती मोठी आहे यावरून आजार किती गंभीर आहे हे कळत नाही. गांधीलमाशी चावल्यावर डोळा पूर्ण बंद होऊ शकतो, पण दृष्टीला धोका नसतो. उलट मूत्रपिंडाच्या आजारात सूज अगदी थोडीच दिसू शकते.

त्यामुळे तीन गोष्टी पाहा: सूज एका डोळ्याला आहे की दोन्ही, दुखतंय की खाजतंय, आणि सोबत दुसरा कोणता त्रास आहे का.

एकाच पापणीवर दुखरी गाठ

ही बहुतेक वेळा रांजणवाडी असते. पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा तिथल्या तेलग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन लालसर, दुखरा फोड येतो. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं शेकलं की ती साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बरी होते. फोड दाबून फोडू नये. लवंग किंवा दुसरं काही उगाळून पापणीवर लावू नये, ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते.

गाठ दुखत नसेल आणि आठवडे राहिली, तर ती तेलग्रंथी तुंबल्यामुळे झालेली असू शकते. तीही शेकण्याने कमी होते, नाही तर डॉक्टर छोटी शस्त्रक्रिया करून काढतात. वयस्कर माणसाला एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल किंवा तिथले केस गळत असतील, तर कर्करोग नाही ना हे तपासून घ्यावं लागतं.

खाज, पाणी आणि लाली

दोन्ही डोळ्यांना खाज सुटून पापण्या सुजल्या असतील तर ॲलर्जीची शक्यता जास्त. धूळ, नवीन काजळ, केसांचा कलप, डोळ्यांचे थेंब ही नेहमीची कारणं. बांधावर आणि रस्त्याकडेला वाढणारं गाजरगवत हे आणखी एक. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज गावोगाव आहे. त्याचे कण हवेतून चेहऱ्यावर, मानेवर आणि पापण्यांवर बसतात. ते उपटणाऱ्यांच्या पापण्या जाड, खरखरीत आणि खाजऱ्या होतात. काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालावेत, नंतर चेहरा-हात धुवावेत.

डोळा लाल, चिकट घाण आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास, म्हणजे 'डोळे आले'. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात अशीच मोठी साथ पसरली होती. आळंदीतल्या शाळकरी मुलांमध्ये तेव्हा मोठ्या संख्येने रुग्ण आढळले होते. ही साथ नजरेला नजर भिडल्याने पसरत नाही. ती हात, टॉवेल, उशीच्या अभ्र्यातून पसरते.

दोन्ही डोळ्यांखाली सूज, पण दुखत नाही

या सूजेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजलेले दिसतात, संध्याकाळपर्यंत सूज उतरते, म्हणून 'जास्त झोपला' असं म्हटलं जातं. पण लघवीला फेस येत असेल, ती कमी होत असेल, पाय किंवा पोट फुगत असेल तर लघवीतून प्रथिनं जात असण्याची शक्यता असते. लघवीच्या साध्या तपासणीत हे कळतं आणि वेळेवर औषध सुरू केलं तर बहुतेक मुलं बरी होतात.

पाच महिन्यांनंतरच्या गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत चेहरा आणि डोळे अचानक सुजले, डोकं खूप दुखू लागलं, नजर अंधुक झाली किंवा छातीखाली पोटात दुखू लागलं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. झटके येण्याआधीची ही खूण असू शकते. ऊसतोडीच्या गावी असाल तरी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा तिथल्या आशा ताईंकडे जाता येतं.

सूज नाही, पण पापणी खाली पडते

पापणी सुजणं आणि पापणी उचलता न येणं यात मोठा फरक आहे. शेतात, कोपीत किंवा घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागलं, घसा आवळल्यासारखा झाला आणि दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागल्या तर मण्यार चावल्याचा संशय घ्यावा. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पुढे श्वासाचे स्नायू थांबू शकतात. मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता, 108 ला फोन करावा आणि सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यावं.

लगेच रुग्णालयात कधी जायचं?

• नजर कमी झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटतो.
• डोळा हलवताना दुखतं, ताप आहे, पापणी लाल-गरम आहे. विशेषतः सर्दी-सायनसनंतर लहान मुलांमध्ये.
• मधुमेह आहे आणि एका बाजूचा डोळा, गाल सुजून दुखतोय, नाकातून काळसर स्राव येतोय. 2021 मध्ये कोरोनानंतर अनेकांना झालेल्या काळ्या बुरशीची ही लक्षणं होती.
• कपाळाच्या एकाच बाजूला आणि पापणीवर पाण्याचे फोड आहेत. ही नागीण असू शकते. गेरू लावत बसू नये. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर डोळा वाचण्याची शक्यता वाढते.
• ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास होतोय.
• कपाशीवरच्या फवारणीचं औषध किंवा पानाचा चुना डोळ्यात गेला. आधी तिथेच भरपूर स्वच्छ पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटं डोळा धुवा, चुन्याचे कण राहू देऊ नका, मग निघा.

यातलं काहीच नसेल, पण दोन-तीन दिवसांत सूज कमी होण्याऐवजी वाढत असेल तरी डॉक्टरांना दाखवा.

काय करू नये?

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. 'लाली घालवणाऱ्या' काही थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला आराम पडतो, पण त्यामुळे संसर्ग बळावू शकतो आणि बरेच दिवस वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो. मध, दूध, पाल्याचा रस डोळ्यात घालू नका. सूज उतरेपर्यंत काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा.

कुठे दाखवायचं?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. रक्तदाब आणि लघवीची तपासणी तिथेही होऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांची गरज असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत. जाताना घेत असलेली सगळी औषधं आणि थेंबांची बाटली सोबत ठेवा. सूज सकाळी दिसून दुपारी उतरत असेल तर मोबाईलवर सकाळचा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सूज गेली, तरी डॉक्टरांना ती दाखवता येते.