रकाना आणि राखीव जागा : वऱ्हाडातून पाहिलेली विधानसभा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मावर आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या आठवणींवर लेख येतात. आम्ही यंदा विधानसभेचा विषय घेतला आहे. विहाराच्या पुस्तकात राजकारण कशाला, असं काही वडीलधारी मंडळी म्हणतील. पण हा लेख कोणत्याही पक्षाचा नाही. आपल्या धर्मांतराचा आणि विधानसभेच्या रचनेचा जो संबंध आहे, तो आपल्याच घरात फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून हा खटाटोप.

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्या संध्याकाळी ओट्याओट्यांवर बेरीज सुरू होती. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६. पोरांना सगळं तोंडपाठ. आम्ही विचारलं, या २८८ मध्ये अनुसूचित जातींसाठी राखीव जागा किती? कुणी बोललं नाही. जागा २९ आहेत. १९६२ मध्ये त्या ३३ होत्या आणि १९६७ मध्ये १५ झाल्या. पाच वर्षांत निम्म्याहून कमी! हे का झालं, याचं उत्तर आपल्या आजा-आजीच्या दीक्षेत आहे. ते समजायला थोडं मागून यावं लागेल.

१९१९ च्या सुधारणांनंतर मध्यप्रांताच्या कायदेमंडळात अस्पृश्यांचा माणूस निवडून जात नसे, सरकार नेमत असे. अमरावतीचे गणेश आकाजी गवई असे नेमलेले सभासद होते. नेमलेल्या माणसाला मतदार नसतो, आणि मतदार नसला की त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. म्हणून बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले. गांधीजींच्या उपोषणामुळे २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. देशभरच्या प्रांतांत मिळून १४८ जागा ठरल्या, त्यातल्या २० मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला आल्या. १९३७ च्या निवडणुकीत नागपूरच्या त्या ११२ जणांच्या सभागृहात आपल्या समाजासाठी २० खुर्च्या होत्या.

पण त्या खुर्चीवर कोण बसणार, हे सगळ्या जातींचे मतदार मिळून ठरवणार होते. करारात प्राथमिक फेरीची सोय होती. पहिल्या फेरीत फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यातला एक पुढे सर्वांनी मिळून निवडायचा. १९४६ मध्ये या सोयीचं खरं रूप दिसलं. प्राथमिक फेरीत आपल्या मतांवर पुढे आलेले शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार शेवटच्या फेरीत पडले. देशातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनला दोनच मिळाल्या. एक बंगालमध्ये आणि दुसरी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडमध्ये. एवढ्या पडझडीतही या मुलखानं एक दिवा तेवत ठेवला, याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक फेरीही गेली. १९५२ मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि विधानसभा २३२ जणांची होती. त्या काळी राखीव जागेसाठी वेगळा मतदारसंघ नव्हता. मोठा मतदारसंघ करून त्यातून दोन आमदार निवडत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला मतंही दोन असत. राखीव जागेवर येणारा माणूस बहुसंख्यांच्या मर्जीतला असतो, हा अनुभव इतका कडू होता की ऑगस्ट १९५५ मध्ये खुद्द फेडरेशनच्या कार्यकारिणीने राजकीय राखीव जागा बंद कराव्यात, असा ठराव केला. ही गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. राखीव जागा म्हणजे सर्वस्व, असं बाबासाहेबांनी कधी मानलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबरला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. तीन महिन्यांत धर्म बदलला, राज्य बदललं आणि बाप गेला. अशा अवस्थेत १९५७ ची निवडणूक आली. मुंबई राज्याच्या ३९६ जणांच्या विधानसभेत फेडरेशनचे १३ आमदार निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अनुसूचित जातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्या आदेशात एक अट होती. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं. बौद्धांना घेतलं नाही. म्हणजे ज्यानं दीक्षा घेतली, त्याचा राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क त्याच दिवशी संपला. वस्ती तीच, विहीर तीच, पाटलाचा वाडा तोच, आणि कागदावर मात्र हा माणूस आता दलित नाही!

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९६२ मध्ये नागपुरातल्या एका राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा अर्ज त्यांच्या विरोधात झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ मध्ये न्यायालयाने ते बौद्ध झाल्याचं मान्य करून त्यांची निवड रद्द ठरवली. त्या खटल्यात जाहीर वागणूक हाच पुरावा ठरला. आज आपण लग्नपत्रिकेवर बुद्धाचं चित्र बिनधास्त छापतो. त्या काळी आमदाराला त्याचा हिशोब कोर्टात द्यावा लागे.

दुसरा धक्का जनगणनेचा. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून जेमतेम अडीच हजार माणसं नोंदली होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. आपल्या लोकांनी भीती न बाळगता धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. त्याची किंमत अशी, की तेवढी माणसं अनुसूचित जातीच्या मोजणीतून बाहेर पडली. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. १९६२ मध्ये २६४ पैकी ३३ जागा होत्या, त्या १९५१ च्या मोजणीवर. १९६१ च्या मोजणीवर मतदारसंघ नव्याने आखले आणि १९६७ मध्ये २७० पैकी १५ उरल्या. १९७८ पासून विधानसभा २८८ ची झाली, तेव्हा १८ झाल्या. राखीव जागा असतात त्या खालच्या सभागृहात, म्हणजे विधानसभेतच. वरच्या विधान परिषदेत नसतात. अमरावतीचे दादासाहेब रा. सू. गवई यांच्यासारखा नेता परिषदेत गेला, १९७८ ते १९८२ तिचा सभापती झाला, आणि त्याच काळात विधानसभेच्या राखीव जागेचं दार मात्र बौद्धांना बंद होतं.

याविरुद्ध आपले लोक गप्प बसले नाहीत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा राज्य सरकारने शिक्षण आणि राज्याच्या नोकऱ्यांत बौद्धांना सवलती दिल्या. विधानसभेच्या जागा मात्र राज्याच्या हातात नव्हत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जो भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांत जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतीही होत्या. तुरुंगात गेलेली माणसं आपल्याच घरांतली होती. शेवटी जून १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक त्याच वर्षी फेब्रुवारीत उरकली होती! म्हणजे दीक्षेनंतर राखीव जागेवर उघडपणे 'मी बौद्ध' म्हणून उभं राहता येईल, अशी पहिली सार्वत्रिक विधानसभा निवडणूक १९९५ ची.

तरी जागा वाढल्या नाहीत. १९९१ च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जातींचं प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून अकरा टक्क्यांवर गेलं. पण १९७६ च्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची फेरआखणी थांबवलेली होती. १९९५, १९९९ आणि २००४, तिन्ही निवडणुका त्याच १८ जागांवर झाल्या. २००१ ची मोजणी धरून २००८ मध्ये नवी आखणी आली आणि २००९ मध्ये २९ जागा झाल्या. १९६७ ते २००९ ही ४२ वर्षं सभागृहात आपली संख्या होती त्यापेक्षा कमी मोजली गेली.

नव्या आखणीत अमरावती जिल्ह्यात दर्यापूर, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर आणि वाशीम जिल्ह्यात वाशीम या जागा राखीव आहेत. दर्यापूरला २००९ पासून चार निवडणुकांत चार निशाण्या आल्या. धनुष्यबाण, कमळ, हात आणि मशाल. मूर्तिजापूरला चारही वेळा कमळ. यावरून काय ते समजावं. राखीव जागा समाजाची असते, पण तिकीट पक्षाचं आणि मत सगळ्यांचं असतं. १९४६ चा धडा अजून संपलेला नाही.

दुसरी वाटही वऱ्हाडानंच दाखवली. १९९८ च्या लोकसभेत महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते निवडून गेले, चौघेही खुल्या जागांवरून. त्यात अमरावतीचे रा. सू. गवई आणि अकोल्याचे प्रकाश आंबेडकर होते. अकोला जिल्ह्यात भारिप बहुजन महासंघाने माळी, धनगर, बंजारा, मुस्लिम, बौद्ध अशी मोट बांधून खुल्या मतदारसंघांतून आमदार निवडून आणले. २०१४ मध्ये पक्षाची एकच जागा आली, तीही इथलीच, बाळापूरची. ही मोट कधी टिकली, कधी सुटली. पण राखीव जागा नसताना माणसं जोडून सभागृहात जाता येतं, हे इथल्या मतदारानं दाखवून दिलं.

आता पुढची जनगणना जाहीर झाली आहे. तिचा संदर्भ-दिवस १ मार्च २०२७ हा आहे. धर्म आणि जात, दोन्ही विचारतील. मागे अशीच चर्चा चालली असता एक म्हातारी उपासिका आम्हाला म्हणाली, "बुद्ध झालो न आपून, मंग ते जुनं नाव कायले सांगू?" तिचं म्हणणं खोटं नाही. ज्या नावाच्या ओझ्याखाली बाप मेला, ते नाव पुन्हा तोंडानं घ्यायला जीव धजत नाही. पण कायदा असा आहे की अनुसूचित जातीच्या मोजणीत यादीतलं जातीचं नावच धरतात, धर्माचं नाव तिथं जात म्हणून चालत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर होते आणि त्यांतले सुमारे ५२ लाख अनुसूचित जातीत मोजले गेले. बाकीचे १३ लाख त्या मोजणीत नाहीत.

आमचं मत विचाराल तर असं. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायचं, त्यात तडजोड नाही. जातीच्या रकान्यात यादीतलं नाव लिहिणं म्हणजे जात मानणं नव्हे. ती आपल्यावर झालेल्या अन्यायाची सरकारदरबारची नोंद आहे आणि त्या नोंदीवर आपल्या नातवंडांचं सभागृहातलं स्थान ठरतं. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी विहारात येऊन मोकळेपणानं बोलावं. भांडण नको, चर्चा हवी. १९६१ मध्ये आपल्या वाडवडिलांनी 'बौद्ध' लिहिलं, तेव्हा त्याची किंमत काय पडणार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला ती ठाऊक आहे. गणक दारात येईल तेव्हा घरातल्या जाणत्या माणसानं समोर बसावं, दोन्ही रकाने आपल्या डोळ्यांनी पाहावेत, आणि शेजारच्या म्हातारीचेही पाहावेत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.